सोन्याचा पाळणा आणि मातीची गाडी

मंडळी, शेजारच्या घरचं मूल एक वर्षाचं झालं की आपल्याला एक गोड अडचण पडते. बोलावणं आलेलं असतं, जायचं तर असतंच. पण रिकाम्या हाताने कसं जावं, आणि न्यावं तरी काय? ज्याला द्यायचं त्याला अजून धड बोलता येत नाही. चार पावलं टाकतो न टाकतो तोच बसकण मारतो. त्याची आवड विचारायला जावं, तर तो आपल्या हातातला किल्ल्यांचा जुडगा ओढून तोंडात घालणार. तेव्हा निवड करावी लागते ती मोठ्यांनीच, आणि मोठी माणसं निवडतात तेव्हा त्यांच्या मनात मुलापेक्षा इतर गोष्टीच जास्त असतात. हा प्रश्न आजचा नाही. आपल्या वाडवडिलांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. ती पाहू गेलं तर या भूमीतल्या मुलाबाळांचा सगळा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो.

जालन्याविषयी एक जुनी म्हण तुमच्या कानावर असेल. ‘जालना, सोने का पालना’. व्यापाराच्या भरभराटीवरून ती पडली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातली ही पेठ लुटली, ती तिथे लुटण्याजोगं काही होतं म्हणूनच. पुढे कापसाच्या व्यापाराने गाव वर आलं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच काढली. मग एमआयडीसी वसली, आणि भंगार वितळवून बांधकामाची सळई काढणाऱ्या भट्ट्या नि रोलिंग मिला उभ्या राहिल्या. आज तिथे मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेला गडी आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला गडी एकाच पाळीत काम करतात. आता सोन्याचा पाळणा हा पेठेतल्या सावकाराघरचा. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याच्या खोलीत पाळणा म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली लुगड्याची झोळी. त्या झोळीतलं मूल वर्षाचं झालं, तर त्याला काय द्यावं?

आधी हे पाहू की वर्ष पुरं होण्याचं एवढं अप्रूप का.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे कित्येक हंगाम उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या घरांच्या जमिनी खणताना खाली लहान मुलांची दफनं सापडली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवलेली, आणि आत मूल. मोठ्या माणसांपेक्षा मुलांची संख्या पुष्कळ जास्त. गावाबाहेर नव्हे, राहत्या घरातच, आई जिथे स्वयंपाक करी त्याच जमिनीखाली लेकरू ठेवलेलं. आणि शेजारी काय, तर एखादा वाडगा, एखादं तोटीचं भांडं. मुलाला दिलेल्या भेटींपैकी आपल्या प्रदेशात सापडलेल्या ह्या सर्वांत जुन्या वस्तूंपैकी आहेत, असं मी म्हणेन. वाढदिवस न पाहिलेल्या मुलाची ही भेट आहे.

हे फार दूरचं वाटत असेल तर जवळ येऊ. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी जवळजवळ दीडशे मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे सातांतलं एक. आपल्या आजीला विचारा, ‘तुला किती मुलं झाली?’ तर ती दोन आकडे सांगायची. एक झालेल्यांचा आणि एक राहिलेल्यांचा. २०२० साली सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे तोच आकडा देशात २८ वर आणि महाराष्ट्रात १६ वर आला होता. हा फरक आपोआप पडला नाही. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानात देवी टोचलेलं ते पहिलं मूल. तिथून सुरू झालेली वाट आज अंगणवाडीतल्या लशीच्या दिवसापर्यंत आली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. त्या गावांतलं नवजात बालकांचं मरण निम्म्याहून अधिक खाली आलं. हा अभ्यास १९९९ साली जगापुढे आला आणि पुढे त्याच धर्तीवर देशातल्या आशाताई घरोघर जाऊ लागल्या.

तेव्हा पूर्वी वाढदिवस हा मौजेचा दिवस नव्हता, तो सुटकेचा श्वास टाकण्याचा दिवस होता. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. आपल्याकडच्या जुन्या पुरोहितांच्या पोथ्यांत तो हमखास असे. त्यात वर्धापनाचा, म्हणजे वाढदिवसाचा विधी दिला आहे. पूजा कोणाची? तर मार्कंडेयाची, आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची. म्हणजे जे मेलेच नाहीत अशांची. तीळ, गूळ आणि दूध एकत्र करून प्यायचं. यात भेटवस्तू कुठेच नाही. मागणं एकच, आणि ते आयुष्याचं.

ज्यांच्या घरी पोथी नव्हती त्यांनीही आपल्या परीने तेच केलं. एका घरात दोन-तीन मुलं गेली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असं ठेवत, की दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, हे काय घेण्याजोगं आहे! कुणी पाच घरची जुनी वस्त्रं मागून आणून बाळाला घाली. गुरुजी, तुमच्या शाळेच्या जुन्या दाखलपुस्तकात अशी नावं सापडतील. त्या प्रत्येक नावामागे आधी गेलेली भावंडं असण्याचा संभव आहे. जुन्या मऊ लुगड्याची गोधडी शिवून देण्याची आपली रीत याच घरांतली. आजीच्या अंगावर वीस वर्षं धुवून धुवून मऊ झालेलं ते कापड बाळाच्या अंगाला टोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. माझं मत विचाराल तर वर्षाच्या मुलाला याहून चांगली भेट अजून कोणत्याही कारखान्यात निघालेली नाही.

यानंतर येते चांदी. पायात वाळे, हातात बिंदल्या नि मनगट्या, कमरेला करदोडा, गळ्यात काळे मणी. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, आणि मामाने भाच्याला अंगडं-टोपडं नि ऐपतीप्रमाणे चांदीचा डाग करायचा, ही चाल आजही खेडोपाडी आहे. वाळ्यातल्या घुंगराचा उपयोग असा, की आई चुलीपाशी असली तरी रांगतं मूल उंबऱ्याकडे निघालंय की विहिरीकडे, हे कानाला कळावं. पण चांदीचं खरं काम दुसरंच होतं. बँक नव्हती, पोस्टाचं पुस्तक नव्हतं, तेव्हा मुलाच्या अंगावरची चांदी हीच त्याची पहिली ठेव. मराठवाड्यात निजामाचा हाली रुपया चाले. तो चांदीचा रुपया मुलाच्या मुठीत ठेवणं हा मोठाच मान. आणि दुष्काळ पडला म्हणजे हीच चांदी सर्वांत आधी सराफाकडे गहाण पडे. मुलाच्या पायातले वाळे उतरवून त्याच मुलासाठी जोंधळे आणायचे, असा तो व्यवहार. भेट देणाऱ्याला ते ठाऊक असे आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नसे. देणाराच मनात म्हणत असेल, अडीनडीला पडेल उपयोगी.

खेळण्यांची गोष्ट निराळी. खेळणं हे मुलाचंच; ते कुणी गहाण घेत नाही. सिंधू खोऱ्यातल्या गावांत मातीच्या लहान गाड्या, खुळखुळे, शिट्ट्या ढिगांनी सापडल्या आहेत. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद इथे १९७४ साली झाडाचं मूळ खणताना चार कांस्यवस्तू निघाल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा सारथी, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. गेंडा आणि रेडा चाकांवर बसवलेले. चित्र पाहून कुणालाही वाटावं, काय सुरेख खेळणी! पण या चारांचं वजन मिळून साठ किलोच्या वर आहे. त्यामुळे मुलाने दोरी लावून ओढायची ती ही गाडी नव्हे. मिरवणुकीत न्यायची ती असावीत, असं जाणकारांना वाटतं. मोठ्यांचं खेळणं भारी आणि मुलाचं खेळणं मातीचं, हा भेद तेव्हापासूनचा.

जालना जिल्ह्यातलं भोकरदन हे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांचे उल्लेख कोरलेले आहेत. १९७३ च्या सुमारास तिथे उत्खनन झालं, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचं साम्य कुठल्या मूर्तीशी, तर इटलीतल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. कित्येक विद्वान तिचं मूळ भोकरदनच्या बाजूला शोधतात. आपल्या जिल्ह्याच्या कारागिराचा हात इतका चालत होता. पण हस्तिदंत समुद्रापार श्रीमंतांकडे जाई. कुणब्याच्या पोराला पोळ्याच्या दिवशी मातीचा बैल मिळाला म्हणजे पुरे.

याच मातीच्या खेळण्यावर आपल्याकडे एक अख्खं नाटक उभं आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. त्याच्या नावाचा अर्थच मातीची छोटी गाडी. चारुदत्त हा दानधर्म करून गरीब झालेला. त्याचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला. घरची दासी त्याला मातीची गाडी करून देते, तर पोरगं हट्ट धरतं, मला सोन्याचीच पाहिजे. वसंतसेना त्याला जवळ घेते. दासी सांगते, ही तुझी आईच समज. त्यावर मूल म्हणतं, हिच्या अंगावर एवढे दागिने आहेत, ही माझी आई कशी असेल? वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी येतं. ती अंगावरचे दागिने उतरवून मातीच्या गाडीत भरते आणि म्हणते, घे, यांची सोन्याची गाडी कर. आता पुढचं पाहा. तेच दागिने परत करायला चारुदत्ताचा मित्र निघतो, ते भर न्यायसभेत त्याच्या काखेतून खाली पडतात, आणि वसंतसेनेच्या खुनाचा आरोप असलेल्या चारुदत्ताविरुद्ध तोच पुरावा ठरतो. मायेने दिलेली भेट, पण झेपणारी नव्हती. बापाला थेट सुळावर जायची पाळी येते!

मंडळी, आपल्या आहेराचं याहून फार वेगळं नसतं. कित्येक घरांत आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते त्यात टिपलेलं, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, किंबहुना थोडं वरचढ, द्यायला हवं. एका पाळीवरच्या गड्याने बॅटरीवर चालणारी मोठी मोटार आणली, तर दुसऱ्याला उचल काढून तशीच मोटार न्यावी लागते. ती मोटार वर्षाचं मूल चालवू शकत नाही. ते भिऊन रडतं, आणि मोटार कपाटावर जाऊन बसते. आपण भेट कुणाला दिली? मुलाला नव्हे, त्याच्या बापाच्या वहीला दिली. म्हणून तर कित्येक पत्रिकांवर आहेर आणू नये असं छापतात, आणि तरीही लोक आणतातच.

गावच्या सुताराचा पांगुळगाडा मात्र बिनतोड. तीन चाकं, धरायला आडवा दांडा. मूल उभं राहतं, ढकलतं, पडतं, पुन्हा उठतं. बलुत्याच्या दिवसांत सुतार तो उरल्यासुरल्या लाकडाचा करून देई. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी होतात. आपल्या नांदेडपलीकडे तेलंगणातल्या निर्मळची लाकडी खेळणीही प्रसिद्ध आहेत. बाजारातलं खेळणं घ्यायचं तर त्यावर आयएसआयची खूण आहे का ते पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे. सुटा मणी, निघणारा डोळा, लहान बटणासारखी बॅटरी, असलं काही असेल तर दुकानातच ठेवून या. वर्षाचं मूल जग पाहतं ते तोंडाने. भट्टीच्या वस्तीत आणखी एक सांगायला हवं. भंगारात सापडलेली चकचकीत गोटी, छर्रा किंवा पत्र्याचा तुकडा ‘खेळायला घे’ म्हणून मुलाच्या हाती देऊ नका.

आणि मुलाने स्वतःच निवडलं तर? आपल्या परंपरेत तसा एक विधी आहे. उष्टावणाच्या दिवशी, म्हणजे पहिला घास भरवताना, मुलापुढे पोथी, लेखणी, शस्त्र, हत्यार अशा वस्तू मांडायच्या. ते जिला हात लावील तो त्याचा पुढचा उद्योग, असं जुन्या ग्रंथांत म्हटलं आहे. चीनमध्ये आणि कोरियात अगदी हाच खेळ पहिल्या वाढदिवसाला करतात. त्यात कोरियात धाग्याची गुंडीही ठेवलेली असते, कारण धागा म्हणजे दीर्घ आयुष्य. पाहा, हजारो कोस दूरच्या माणसांच्या मनातही पहिल्या वर्षाची तीच धास्ती! या विधीतलं भविष्य मी मानत नाही. कुंभाराच्या पोराने लेखणी धरली तरी पुढची कित्येक शतकं त्याला चाकच धरावं लागलं. पण मुलापुढे चार वस्तू मांडून त्याला हात लावू द्यावा, ही कल्पना मोठी शहाणी आहे.

तीच कल्पना ताराबाई मोडकांनी शाळेत आणली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसोरी बाईंची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या यांचीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत ना, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. शिक्षकहो, तुमच्या वर्गातली थोरली मुलं धाकट्या भावंडासाठी कापडाचा चेंडू किंवा डब्यात चिंचोके घालून घट्ट बंद केलेला खुळखुळा करू शकतात. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवण्यात आयुष्य घातलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक गोष्ट खास गुरुजींसाठी. तुमच्या दाखलपुस्तकात १ जूनला जन्मलेली किती माणसं आहेत, मोजून पाहा. आईला तिथी आठवे, किंवा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ एवढं आठवे. साल आठवत नसे. गुरुजींनी मूल पाहिलं, वय अंदाजलं आणि १ जून लिहून टाकला. समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मले. त्यांची तिथी सर्वांना पाठ, कारण ती रामनवमी. पण त्यांच्या गावच्या कुणब्याच्या पोराची तिथी कोण ध्यानात ठेवणार? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळेपासून मतदार यादीपर्यंत वयासाठी जन्माचा दाखला हाच कागद दाखवावा लागतो. कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबात बाळंतपण एका जागी, राहणं दुसऱ्या जागी, आणि दाखला कुठेच नाही, असं पुष्कळदा होतं. तेव्हा बाळाच्या बापाबरोबर अर्धा दिवस खर्चून तो दाखला काढायला जाणारा शेजारी दिसला, तर मी त्याच्या भेटीला चांदीच्या वाळ्याच्या वर ठेवीन.

आणि मुलगी असेल तर? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. मुलाच्या वाढदिवसाला मांडव आणि मुलीच्या वाढदिवसाला नुसता शिरा, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आवर्जून जावं, आणि हातात काही घेऊन जावं. काय घेऊन, हा प्रश्न तिथे दुय्यम आहे.

तरीही काही ठरत नसेल, तर भांड्याच्या दुकानात जा. स्टेनलेस स्टीलची एक वाटी आणि चमचा घ्या. जालन्याच्या भट्ट्यांत निघते ती बांधकामाची सळई, हे स्टील निराळं. पण वाटी जन्मभर टिकते, गंजत नाही, आणि बाळ तिच्यातूनच मऊ भात खाणार. दुकानदार मशीनने नाव घालून देतो. तिथे नुसतं ‘चि. बाळास सप्रेम भेट’ असं घालू नका. बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, जन्माची पुरती तारीख, आणि गाव घालायला सांगा. अक्षरं बारीक घालायला लावा, म्हणजे काठावर सगळं मावेल.